अक्का, यीस्टची भिंत आणि आपलं भांडण

अक्का,

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बापूकाका आमच्या दारात उभे. विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी, तुला लहानपणी "ए मास्तरीण" म्हणून चिडवायचे तेच. डोळे सुजलेले होते, पण काम घेऊनच आले होते. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "पोरी, शोकसभेचं पत्रक तू लिवायचं. आपल्या वस्तीतली पहिली संशोधक बाई. दणकून लिव्ह. फक्त एक ध्यानात ठेव, ते प्रदर्शनातलं काय लिवायचं न्हाय."

"का?"

"का म्हंजे? गेलेल्या माणसाची चूक कोण छापतंय व्हय? आणि आपल्या माणसाची तर न्हाईच न्हाई. बाहेरची टपलेलीच असत्यात."

ते शेवटचं वाक्य माझंच होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ह्याच खोलीत मी ते तुझ्या तोंडावर फेकलं होतं, आणि आपण महिनाभर एकमेकींशी धड बोललो नव्हतो. तो वाद तू जिंकलीस असं मी कधी मान्य केलं नाही. मी जिंकले असं तूही कधी म्हणाली नाहीस. आणि आता तू नसताना, त्या गोष्टीचं काय करायचं हे एकटीनं ठरवायची वेळ माझ्यावर आली.

बापूकाका चहा पिऊन गेले. मी कोरा कागद घेऊन बसले आणि लिहायच्या ऐवजी आठवत राहिले.

मी अक्षरं शिकले ती आबांच्या छापखान्यात, तुला माहीतच आहे. शाहूपुरीतली ती चिंचोळी जागा, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि भिंतीला टेकवलेले पत्रकांचे गठ्ठे. इतर पोरं 'कमळ बघ' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. छपाईचे शिशाचे खिळे जुळवताना आबा मोठ्यानं म्हणायचे, आणि मी त्यांच्यामागून. आबांचा एक नियम होता: पत्रक एकदा दाराबाहेर पडलं की मागे घ्यायचं नाही. मोर्चा जसा अर्ध्या रस्त्यातून परत फिरत नाही, तसंच पत्रक. मला तो नियम जगातला सगळ्यात सुंदर नियम वाटायचा.

तू आबांची पुतणी, माझी चुलतबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तुमच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती म्हणून तू अभ्यासाला छापखान्यात यायचीस. मशीन धडधडत असायचं आणि तू कागदाच्या रिमांच्या थप्पीवर मांडी घालून बसलेली असायचीस. मी तुला विचारायचे, "एवढ्या आवाजात डोक्यात कसं शिरतं?" तू म्हणायचीस, "मशीन मला हाका मारत न्हाय. घरात सगळी हाका मारत्यात." पुढे तू मायक्रोबायोलॉजी घेतलीस, एम.एस्सी. झालीस, तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवायला लागलीस. बोलणं मात्र तेच. आपल्याकडच्या बायकांसारखं तू "मी आलो, मी गेलो" म्हणायचीस. स्टाफरूममध्ये कुणीतरी ते सुधारायला सांगितलं, तर तू म्हणालीस, "बीजाणूंना चालतंय."

ते बीजाणू तू मला पहिल्यांदा दाखवलेस तो रविवार मला लख्ख आठवतो. कॉलेज रिकामं होतं. शिपायानं दार उघडून दिलं आणि तू मला मायक्रोस्कोपपुढं बसवलंस. मला काचेवर फक्त धुकं दिसत होतं. तू मागून चाक फिरवलंस आणि एकदम एक पिशवी दिसली, आणि तिच्या आत चार गोळ्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या.

"वाटाण्याची शेंग!" मी म्हटलं.

"शेंग न्हाय. आधी नीट बघ, मग बोल. तू उलटं करतीस."

मग तू सांगितलंस. यीस्टच्या पेशीला खायला मिळतंय तोवर ती एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहते. पाव फुगवते, रस आंबवते. तिचं खाणं काढून घेतलं, जगण्यापुरतंच काहीतरी ठेवलं, की ती वाढायचं थांबवते. आपल्यातल्या वारशाचे चार वाटे करते आणि प्रत्येक वाट्याभोवती एक पडदा वाढत जातो. हा पडदा दुहेरी असतो, आणि त्या दोन पदरांच्या मधल्या फटीत भिंत उभी राहते. थरावर थर. पहिले दोन थर साध्या पेशीच्या भिंतीतलेच असतात, फक्त क्रम उलटा; नेहमी बाहेर असतो तो इथं आत जातो. तिसरा थर खेकड्याच्या कवचात असतं त्याच जातीच्या पदार्थाचा. आणि चौथा, सगळ्यात बाहेरचा, अगदी पातळ आणि सगळ्यात चिवट. त्याच्यावर ठरावीक अतिनील किरण टाकले की तो निळा उजळतो.

"आणि बाहेरची पिशवी म्हणजे त्यांची आई?"

"आईची उरलेली पिशवी. ती संपलेली असती."

मी उसळलेच. "म्हणजे बलिदान! लेकरांसाठी आई स्वतः..."

"कसलं बलिदान? खायला न्हाय म्हणून हे झालं. तिला काय ठाऊक? तुझ्या पत्रकातले शब्द माझ्या प्लेटीत टाकू नको."

मी चिडले. मी म्हटलं, निसर्गाकडून माणसानं काही शिकायचंच नाही का? तू मायक्रोस्कोपचा दिवा बंद केलास आणि माझ्याकडे वळलीस. तेव्हाचा तुझा आवाज आठवतो, वर्गात वापरायचीस तो नव्हता. "आपल्या आज्याला गावाबाहेर ठेवला, तवा बी निसर्गच दाखवला होता. मुंगीचं बघा, मधमाशीचं बघा, ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतंय. तवापासनं मला निसर्गाच्या धड्याची भीती वाटती. बीजाणू भिंत कशी बांधतोय एवढंच बघ. तेवढं पुरेसं हाय."

त्या दिवशी मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण हे लिहिताना तुझी गोष्ट सांगायला मी त्या भिंतीची उपमा पाच वेळा लिहिली असेल, आणि पाचही वेळा खोडली. हे तुझंच काम.

तुझा प्रश्न साधा होता. गुऱ्हाळ हंगामात चालतं. उसाच्या रसात, चरकाच्या आसपास, मळीत यीस्टच यीस्ट असतं. हंगाम संपला की शेडमध्ये शुकशुकाट, रसाचा थेंब नाही. मग ते यीस्ट जातं कुठं, आणि पुढच्या हंगामाला कुठून येतं? ते बीजाणू होऊन भुकेचे महिने काढत असणार, असा तुझा अंदाज होता. तसं असेल तर ते चारही थर बांधतं का, निदान एवढं तरी तुला बघायचं होतं.

कळंब्याच्या पलीकडच्या त्या गुऱ्हाळावर आपण तुझ्या लुनावरून जायचो. पुढे तू, मागे मी, आणि माझ्या मांडीवर कापसाची बुचं लावलेल्या बाटल्यांची पिशवी. गुऱ्हाळाचा मालक लांबूनच ओरडायचा, "या पावणं! रस प्यायला आलाय का न्यायला?"

"मळी न्यायला आलोय," तू म्हणायचीस.

"आमचा रस सोडून मळी? तुमच्या घरात सगळी अशीच काय?"

मग तो आपल्याला उसाच्या पानावर गरम गूळ द्यायचा. तू बोटं भाजून घ्यायचीस, फुंकर मारायचीस, पुन्हा भाजून घ्यायचीस, आणि तोंडात गूळ असतानाच त्याला विचारायचीस की शेड शेवटची कधी धुतली. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही आरोग्य खात्यातनं आलाय काय? खरं सांगा." त्या दुपारी मला सगळ्यात जास्त आठवतात. संध्याकाळी परतताना अंगाला काकवीचा वास यायचा आणि आई म्हणायची, "दोघी कॉलेजात जात्यात म्हणं!"

आता ती गोष्ट. बापूकाका, तुम्हीही वाचत असाल तर वाचा.

त्या वर्षी कॉलेजातले गाळण कागद संपले. मागणी केली होती, पण माल कधी येईल कुणालाच सांगता येईना. तुला यीस्टचे डाग कागदावर उमटवून दिव्याखाली बघायचे होते. तू मला म्हणालीस, "काकांकडचा कागद आण. सगळ्यात पांढरा, सगळ्यात चांगला." आबांकडे मॅपलिथोचा, म्हणजे छपाईच्या पांढऱ्याशुभ्र कागदाचा, एक रिम होता, लग्नपत्रिकांसाठी जपलेला. आपण स्टीलच्या पेल्याच्या काठाने गोल आखून कापले आणि आईच्या कुकरमध्ये शिट्ट्या काढून निर्जंतुक केले. गाळण कागदाचे मोजके तुकडे उरले होते. त्यातला एक तू खाऊनपिऊन वाढणाऱ्या यीस्टसाठी वापरलास, ज्यात बीजाणू नसणार हे ठरलेलंच होतं, आणि बाकीचे जपून ठेवलेस. उपाशी ठेवलेल्या यीस्टचे सगळे डाग आबांच्या कागदावर. तुलनेला दोन्ही बाजू होत्या. चुकण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

दिवा आणला गुळाच्या पेढीवरून. बनावट नोटा ओळखायचा निळा दिवा. पेढीवाले अण्णा म्हणाले, "न्या की, पण यीस्टच्या नोटा छापू नका." प्रयोगशाळेच्या खिडक्यांना आपण काळं कापड लावलं. दिवा लागला आणि उपाशी यीस्टच्या चकत्या निळ्या उजळल्या, आणि खाऊन माजलेल्या यीस्टची चकती काळी राहिली. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की वळ उठले.

"दिसतंय?"

"दिसतंय की!"

"नुसतं हो म्हणू नको. काय दिसतंय ते सांग."

"निळं दिसतंय अक्का. चौथी भिंत दिसती."

तू हसलीस. एरवी तू ओठ मिटून हसायचीस. तेव्हा मोठ्यानं हसलीस.

लगेचच विज्ञान प्रदर्शन होतं, शाहूपुरीतल्या एका शाळेत. तुला काळ्या पडद्याची एक खोपटी मिळाली. तुझे सर तिथं येणार होते. पीएच.डी.साठी त्यांच्याकडे एकच जागा होती, आणि तुझं काम बघून ती तुला द्यायची की नाही हे ते ठरवणार होते. तुझ्या घरात, आमच्या घरात, अख्ख्या गल्लीत त्या जागेशिवाय दुसरा विषय नव्हता. मी पत्रक लिहिलं. 'कोल्हापूरच्या गुऱ्हाळातले यीस्ट चौथी भिंत बांधते!' खाली तुझं नाव. आबा म्हणाले, पोरीचं काम हाय, साध्या कागदावर नको. त्यांनी त्याच मॅपलिथोवर छापलं.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायचंय, कारण ते मी तुला कधी माझ्या बाजूनं सांगितलंच नाही. मी खोपटीच्या दारात पत्रकं वाटत होते. माणसं पत्रक घेऊन आत येत होती. आत अंधार, तो दिवा, तुझ्या चकत्या, आणि तू समजावून सांगत होतीस. माणसांच्या सदऱ्यांच्या कॉलरी चमकत होत्या, आणि तू त्यांना सांगत होतीस की ती धुण्याच्या पावडरीतली चकाकी, ती मोजायची नाही. हे तुला ठाऊक होतं. एवढं ठाऊक असूनही पुढचं सुचलं नाही, ना तुला ना मला.

हुपरीचे एक गृहस्थ होते, पैंजण घडवणारे, बायकोपोरांना घेऊन आलेले. ते आत गेले आणि त्यांचा खणखणीत आवाज बाहेर आला.

"ओ ताई! तुमच्या बशीपेक्षा माझ्या हातातलं पत्रक जास्त उजळतंय की! हिला बी भिंत झाली काय?"

आत हशा पिकला. मी धावत आत गेले. खोपटीतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक निळा चौकोन होता. आमची पत्रकं. त्या उजेडात तुझ्या चकत्या फिक्या दिसत होत्या.

मी तुझ्या कानात म्हटलं, "कागद खिशात घाला म्हणून सांग. लवकर."

तू ऐकलं नाहीस. पत्रकाचा एक कोपरा फाडलास आणि दिव्याखाली ठेवलास. मग पिशवीतली एक कोरी चकती, काहीच न लावलेली. उजळली. मग जपून ठेवलेला गाळण कागदाचा कोरा तुकडा. काळाच. तू दिवा बंद केलास. अंधारात तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग तू पडदा बाजूला केलास आणि सगळ्यांना बाहेर बोलावलंस, उजेडात.

सर तोवर आले होते. तुला ते दिसले होते. तरी तू बाकावर चढलीस.

"मघापासनं मी तुम्हाला सांगितलं ते चूक हाय," तू म्हणालीस. "तो उजेड यीस्टचा न्हाय, कागदाचा हाय. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी घालत्यात. मी एका बाजूला एक कागद वापरला, दुसऱ्या बाजूला दुसरा. चूक माझी."

हुपरीचे गृहस्थ ओशाळले. "म्हंजे भिंत न्हायच म्हणा की."

"भिंत हाय. ती चौथा थर बांधती का, ते मला अजून ठाऊक न्हाय."

"मग ठाऊक झाल्यावर बोलवायचं न्हाय का, ताई?" पुन्हा हशा. या वेळी तूही हसलीस. मी मात्र मागे उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं ऐकलं. पॅन्टशर्टातली, शिकलेली माणसं. एक दुसऱ्याला म्हणाला, "राखीव जागेतनं आलं की असंच." दुसरा नुसता मान हलवत होता. ते मी तुला सांगितलं, आणि तेच माझं चुकलं असं तू नंतर म्हणायचीस. मला अजूनही वाटतं, सांगायलाच हवं होतं.

घरी आल्यावर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, सरांच्या कानात सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. बाकावर चढायची काय गरज होती? त्यांचं पोरगं चुकलं तर ते शिकतंय म्हणतात, आपलं चुकलं तर आपल्या सगळ्यांची लायकी काढतात. आपल्याला जगासमोर चुकायची चैन परवडत नाही. बाहेरची टपलेलीच असतात.

तू पाणी पीत होतीस. पेला खाली ठेवलास.

"मग आपण संशोधन करायचंच न्हाय. सोडून दे. कारण त्यात चुकल्याशिवाय दुसरं काय नसतंय."

"चूक, पण आतल्या आत!"

"आतल्या आत ठेवली असती तर मी त्या कागदाच्या उजेडावर पुढची पाच वर्षं इमला बांधत बसलो असतो. आणि तू पत्रकं वाटत बसली असतीस."

"ते हसले तुला."

"हसू दे की. हसल्यानं यीस्टला काय होतंय?"

"यीस्टला नाही, मला होतं! मला!"

तू आबांकडे वळलीस आणि म्हणालीस, "काका, पत्रक मागं घ्यायला लागंल." आबांनी मान हलवली. "आपण पत्रक मागं घेत न्हाय." तू म्हणालीस, "मग दुसरं छापा." चहा झाला, पान झालं. मग आबा उठून छापखान्यात गेले आणि स्वतः खिळे जुळवले. 'दुरुस्ती: मागील पत्रकात सांगितलेला निळा प्रकाश यीस्टचा नसून कागदाचा होता.' खाली तुझं नाव. त्या छापखान्यातून निघालेली ती पहिली दुरुस्ती. पिवळट, साध्या कागदावर. तू एकटीनं जाऊन ती प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दारात वाटलीस. मी आले नाही.

सरांनी ती जागा दुसऱ्याला दिली. पुढची तीन वर्षं तू तासिकेवरच राहिलीस, दुसरीकडे मार्गदर्शक मिळेपर्यंत. ती तीन वर्षं मी तुला माफ केली नाहीत. तुलाही, त्या सरांनाही, मागे उभ्या असलेल्या त्या दोघांनाही. तू मात्र दर हंगामाला लुना काढायचीस आणि मळी आणायचीस. कुठून आणायचीस ग एवढं बळ? हा प्रश्न तुला विचारायचा राहिला. विचारला असता तर तू म्हणाली असतीस, "बळ कसलं, पेट्रोल लागतंय."

नंतर एकदा तू मला बोलावून नेलंस. नव्या मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत खरा दिवा होता, हव्या त्या किरणांचा. नोटांचा दिवा त्या कामाचाच नव्हता, हेही तू तोवर शोधून काढलं होतंस. या वेळी सगळे कागद एकाच पाकिटातले. कोरे, उपाशी यीस्ट लावलेले, खाऊन वाढलेलं यीस्ट लावलेले, आणि जिला चौथा थर बांधताच येत नाही अशी एक जातही मुद्दाम मागवलेली. दिवा लागला. मला काही दिसेना. मग डोळे सरावले आणि एका रांगेत अगदी अंधूक निळं दिसलं, चूल विझताना दिसतं तितकंच.

"एवढंसं?" मी म्हटलं.

"एवढंसंच असतंय."

तू हसली नाहीस त्या दिवशी. उलट मला म्हणालीस, "आता हे खोटं कसं ठरंल ते सांग. तू भांडखोर हायस, तुला जमंल." आणि आपण दुपारभर तिथं बसून ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. कागद बदलले, जागा बदलल्या, चिठ्ठ्या झाकून मला ओळखायला लावलंस. ते खोटं ठरलं नाही. गुऱ्हाळातलं यीस्ट चौथा थर बांधतं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर दुपार, आणि हेही मी तुला कधी बोलले नाही. मी बोलले ते असं: "मग आता मोठं पत्रक काढू?" तू डोक्यावर हात मारून घेतलास.

गेली दोन वर्षं तू माश्यांच्या मागे होतीस. गुऱ्हाळावरच्या माश्यांच्या पोटातून बीजाणू सहीसलामत बाहेर पडतात का, हे बघायचं होतं तुला. आई ओरडायची, "पीएच.डी. झाली आणि बाई माश्या धरती!" ते काम अर्धंच राहिलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू मला त्याबद्दल काही सांगशील असं मला वाटत होतं. तू विचारलंस, "आबांचा खोकला कसा हाय?" बस्स.

तर पत्रक. पहिला खर्डा मी बापूकाकांच्या मनासारखा लिहिला. दणकून. 'जिद्दीची ज्योत', 'कर्तृत्वाचा हिमालय', सगळं घातलं. आबांना वाचून दाखवला. आबा आता थकलेत, डोळ्यांना कमी दिसतं, छापखाना ऑफसेटवाल्याला दिलाय. ऐकून म्हणाले, "कोण ही बाई?"

मी कागद फाडला. दुसरा खर्डा लिहिला, त्यात प्रदर्शन घातलं. कागद, हशा, बाक, दुरुस्ती, गेलेली जागा, सगळं. बापूकाका वाचून लाल झाले. "तुला सांगितलं हुतं का न्हाई?" आबा कोपऱ्यातून म्हणाले, "तिची दुरुस्ती मी माझ्या हातानं छापलीय, बापू. गावानं वाचलीय. आता चोरून काय ठेवायचं?" बापूकाका पाय आपटत गेले, पण पत्रक छापून आणलं त्यांनीच.

सभा विहाराच्या अंगणात झाली. पुढच्या रांगेत तुझ्या कॉलेजातली माणसं होती. मी पत्रक वाचून दाखवलं. प्रदर्शनाचा भाग मी त्या रांगेकडे बघत वाचत होते, कुणाचा ओठ हलतो का ते. कुणी काही केलं नाही. शेवटी मी बीजाणूच्या भिंतीबद्दल लिहिलं होतं, की ती इतकी मजबूत असते की उकळत्या पाण्यातही आतला जीव मरत नाही. ते वाक्य मला फार आवडलं होतं. वाचून मी थांबले.

खालच्या आळीतली करुणा उठली. तुझी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, वेणीला रबर लावून येते ती.

"एक चुकलंय," ती म्हणाली.

बापूकाका दबक्या आवाजात ओरडले, "गप बस ए! सभा कशाची हाय कळतंय का?"

"कळतंय की. मॅडमची हाय म्हणून तर उठलोय."

पुढच्या रांगेतली सगळी डोकी मागे वळली होती, आणि सगळी आमच्या एका पोरीकडे बघत होती. माझ्या जिभेवर आलं होतं, बस खाली, नंतर बोलू, आपण घरी बोलू. अक्का, ते जिभेवर आलं होतं हे तुला कळलं असतंच, म्हणून लपवत नाही.

मी म्हटलं, "कुठं चुकलंय, सांग."

"यीस्टचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत्यात. टिकत्यात ते काही बॅक्टेरियाचे बीजाणू. ह्यांना साध्या पेशीपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसती, एवढंच."

मी माईकवर म्हटलं, "उकळत्या पाण्याचं वाक्य सगळ्यांनी खोडा. ते माझं चुकलंय." काही जणांनी खिशातली पेनं काढली. कागदांवर रेघा ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं होतं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलंही.

पुढच्या रांगेतून तुझ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मान वळवून करुणाला विचारलं, "थोडी म्हणजे किती?"

ती तशीच उभी होती. आजूबाजूला तिची आई, चुलती, अख्खी गल्ली बसलेली.

"ते मला ठाऊक न्हाय सर," ती म्हणाली. "करून बघतो आणि सांगतो."

कुणी हसलं नाही.